पट्टी झाकून

डॉक्टर पाच मिनिटं बोलतात आणि आमचे हे मला दोन शब्दांत सांगतात, "गोळ्या घे." अहो, बाकीचं कुठं गेलं? विचारलं की म्हणतात, "तेच ते गं, नेहमीचं." गुडघा माझा, कळा माझ्या, आणि त्यावरचं बोलणं मात्र यांच्याकडून गाळून यायचं. लग्न करून या इंग्रजी बोलणाऱ्या देशात आले तेव्हापासून हे असंच. बँक असो, शेजारीण असो, माझ्या वतीनं बोलणार हेच. आमचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान आहे. हे पुढे गल्ल्यावर, मी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी, दिवसभर उभी. संध्याकाळी जिना चढताना देव आठवतो.

म्हणून मी ठरवलं, पुढच्या तपासणीला डॉक्टर काय म्हणतात ते माझ्या कानांनी ऐकायचं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग भरतो, तिथं नाव घातलं. "महाराणी निघाल्या शाळेला!" यांनी टोमणा मारला. मारा म्हटलं, अंगाला काय भोकं पडतात?

वर्गात बाई व्हिडिओ दाखवायच्या. माणसं बोलायची आणि तेच बोलणं खालच्या पट्टीवर अक्षरांत उमटायचं. इंग्रजी वाचायला मला शाळेपासून येतं. मग काय! बाईंनी प्रश्न विचारायचा अवकाश, माझा हात वर. शेजारी बसणारा नळदुरुस्तीवाला म्हणायचा, "मावशी, तुम्हीच शिकवा की आम्हाला." मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

एक दिवस बाईंनी पट्टीच बंद केली. अगं बाई! तीच माणसं, तोच व्हिडिओ, आणि मशीनमध्ये कपडे घुसळावेत तसा नुसता आवाज. एक शब्द वेगळा काढता येईना. नळवाल्याचंही तेच, सगळ्या वर्गाचंच तेच. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'इतके दिवस तुम्ही ऐकत नव्हता, वाचत होता.' मला तर तोंडात मारल्यासारखं झालं.

तेव्हापासून रीत बदलली. आधी पट्टीशिवाय ऐकायचं, काय कळलं ते सांगायचं, मग पट्टी लावून ताडून बघायचं आणि शेवटी पुन्हा पट्टीशिवाय. मी बाईंकडून डॉक्टर आणि पेशंटचे व्हिडिओ मागून घेतले. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना आम्ही नंबराची चिकटपट्टी लावतो, तीच मोबाइलच्या खालच्या भागावर डकवायची. इस्त्री फिरवत ऐकायचं, थांबवायचं, स्वतःशी म्हणायचं, मग पट्टी सोलून बघायचं. चुकलेलंच असायचं! जीव मेटाकुटीला आला. एकदा तर कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर ढसाढसा रडले, तो परत धुवावा लागला. पण हळूहळू शब्द सुटे व्हायला लागले. ऐकणं जमायला लागलं. बोलणं मात्र ओठांवर येईना. "त्याचा वर्ग नंतर," बाई म्हणाल्या. मीही म्हटलं, मला कुठं भाषण ठोकायचंय? ऐकू आलं म्हणजे झालं.

तपासणीचा दिवस आला. हे माझ्या शेजारी, डॉक्टर समोर. डॉक्टर बोलायला लागले आणि मला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं.

"ऑपरेशन केलं तर त्या नीट चालू शकतील," डॉक्टर म्हणाले. "नंतर काही आठवडे उभं राहायचं काम नाही. मी दर वेळी विचारतोय. त्यांचं काय म्हणणं आहे?"

हे माझ्याकडे न बघताच इंग्रजीत म्हणाले, "तिला ऑपरेशनची फार भीती वाटते. ती नकोच म्हणते."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गोळ्या चालू ठेव म्हणतात. या वयात एवढं चालायचंच."

दर वेळी! म्हणजे किती वर्षं? इस्त्रीला दुसरं माणूस ठेवावं लागेल, एवढ्यासाठी? मी तोंड उघडलं. इंग्रजीचा एक शब्द येईना. जे आलं ते मराठीतच आलं.

"मला भीती वाटते, असं मी तुम्हाला कधी म्हटलं हो?"

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला... अगं, घरी बोलू."

"इथंच बोला. मला ऑपरेशन करायचंय. सांगा त्यांना."

डॉक्टर आमच्या दोघांकडे बघत होते. मी एवढ्या जोरात बोललेली त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. त्यांनी यांना विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

हे हसून इंग्रजीत म्हणाले, "ती तुमचे आभार मानतेय."

तेही मला कळलं. यांनी माझा दंड धरला, "चल." मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि उठले नाही.