बुजवलेली ढोली

आपला नवरा दर रविवारी एका झाडाला भेटायला जातो, हे शेजारणींना सांगायची सोय नसते. गवंड्याच्या बायकोने ही सवत जन्मभर सांभाळली. सवतही साधीसुधी नाही! गावच्या जुन्या बागेतलं शेकडो वर्षांचं झाड. लांबून माणसं बघायला येत, फोटो काढून जात. गवंडी मात्र वर फांद्यांकडे बघतही नसे. बुंध्यातल्या ढोलीचं तोंड त्याने तरुणपणी विटांनी बंद केलं होतं. त्या गिलाव्यावर तळवा टेकून तो उभा राही.

का, ते तिला लग्नानंतर लगेच कळलं होतं. ढोली बुजवली त्या दिवशी त्याची धाकटी बहीण जेवणाचा डबा घेऊन बागेत आली होती. जेवून तो नळावर हात धुवायला गेला. परत येतो तर बहीण दिसेना, माल कालवून तयार, आणि कालवलेलं सिमेंट कुणासाठी थांबत नाही. तोंड बंद करण्याआधी आत हात फिरवून बघायची त्याची सवय. त्या दिवशी नेमकी ती राहिली. भराभर विटा चढवल्या, गिलावा ओढला. मध्येच "दादा" अशी हाक ऐकू आल्यासारखी वाटली; पण बागेत पोरांचा लपाछपीचा गोंधळ चाललेला, असेल कुणाचा तरी दादा. बहीण घरी आली नाही. कधीच आली नाही.

"मग फोडून बघायचं होतंत!" बायको एकदा चिडून म्हणाली होती.

"आणि सापडली असती तर? आईला काय दाखवलं असतं?"

आई गेली तरी त्याचं धाडस झालं नाही. बायकोनेही एकदा गुपचूप गिलाव्याला कान लावला होता. आत काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं. मुंग्या असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण त्यानंतर ती त्या सावलीत कधी बसली नाही.

आता सिमेंटमुळे झाड आतून कुजतंय म्हणून बागेने झाडांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ढोली फोडायच्या दिवशी सकाळी दोघं हातात हात धरून बागेत गेली. उभ्या संसारात अशी कधी चालली नव्हती.

"काका, हे तुमचं काम? एक तडा नाही!" डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी छिन्नी लावली.

घावागणिक गवंड्याची बोटं बायकोच्या मनगटात रुतत होती. एक वीट निघाली, दुसरी निघाली, मग आतला काळोख दिसला. बाईंनी बॅटरी मारली, खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला.

"काही नाही हो. नुसता भुसा."

बायकोने स्वतः वाकून कोपरान् कोपरा पाहिला. ना हाड, ना चिंधी. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती एकदम रडायला आणि हसायला लागली.

"अहो, सुटलात! तुमच्या हातून काही झालं नव्हतं. ऐकताय ना?"

गवंडी मटकन खाली बसला. त्याचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अख्खा गाव तिला शोधत होता गं," तो म्हणाला. "विहिरी बघितल्या, रानं पालथी घातली. मीही सगळ्यांबरोबर हिंडलो. पण शोधलं नाही. मला वाटलं, मला ठाऊक आहे ती कुठे आहे ते. एक हाकसुद्धा मारली नाही मी तिला."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, कडेच्या झुडपांपाशी गेला, फांद्या बाजूला सारून वाकला आणि बहिणीला हाका मारू लागला. डॉक्टरीणबाई छिन्नी धरून बघतच राहिल्या. बायकोने त्याला अडवलं नाही. डोळे पुसून ती पलीकडच्या बाजूने शोधायला लागली.