राजमती सिस्टरचा शेवटचा रकाना

एका पत्राला उत्तर द्यायचं कृष्णात कांबळेनं टाळलं, ते दहा वर्षं टाळलं. साधं आंतर्देशीय पत्र होतं, राजमती सिस्टरच्या हातचं. दवाखान्यात नव्या वॉर्डासाठी माणसं घेतायत, तू ये, मी शब्द टाकते. झालं गेलं पंचगंगेला मिळालं. हे शेवटचं वाक्य वाचून त्यानं पत्राची घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी टाकली. पंचगंगेला मिळालं होतं ते त्याचं नाव. सिस्टरची पांढरी साडी कोरडीच राहिली होती.

घडलं होतं ते असं. शाहूवाडीकडची धोंडुबाई नावाची म्हातारी वॉर्डात होती. सिस्टरनं इंजेक्शन द्यायला खाटेचा कठडा खाली केला आणि वर करायचा विसरली. म्हातारी पडली, खुबा मोडला. चौकशीत सिस्टरनं सांगितलं, चादर बदलताना वॉर्डबॉयनं, म्हणजे कृष्णातनं, कठडा पाडला. वॉर्डबॉयला कोण विचारतो? कृष्णातची नोकरी गेली ती गेलीच, पण कसबा बावड्यात ‘म्हातारी पाडलेला’ हे नाव त्याला चिकटलं. लग्नाची बोलणी त्या नावापाशी आली की पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. पुढं त्यानं मराठी टायपिंग शिकून घेतलं आणि मेव्हण्याच्या नेट कॅफेत बसू लागला.

दोन हजार आठ साली त्याच दवाखान्यानं फर्मान काढलं, की प्रत्येक नर्सनं कंप्यूटरवरचं ट्रेनिंग पुरं करायचं. हात कसे धुवायचे, पेशंटला कूस कशी बदलायची, असे धडे होते. शेवटी एक मोठा रकाना होता. आपल्या कामात घडलेला एक प्रसंग आणि त्यातून आलेलं शहाणपण मराठीत लिहायचं. ते थेट वरच्या साहेबांकडं जाणार; त्याशिवाय सर्टिफिकेट नाही. दवाखान्यातले कंप्यूटर बिलाच्या खिडकीत अडकलेले, त्यात मराठी टायपिंग कुणाला येतंय? मग सगळ्या जणी कृष्णातकडं. पासवर्ड सांगायचा, चहा पाजायचा, धडे त्यानंच पुढं ढकलायचे आणि प्रसंगही त्यानंच रचायचा. एकाच आजोबांना त्यानं तीन वॉर्डांत घसरवलं होतं.

शेवटच्या दिवशी राजमती सिस्टर आली. अतिदक्षता विभागाची इनचार्ज तिला व्हायचं होतं, त्याला हे सर्टिफिकेट लागत होतं, आणि संध्याकाळी ट्रेनिंग बंद होणार होतं. शेजारच्या बाकावर दोन नर्सबाया आपापल्या सर्टिफिकेटची वाट बघत होत्या.

“तू हितं हाईस व्हय?” ती म्हणाली.

“हाय की. बसा, सिस्टर.”

बाकीच्यांचं लिहिलंस तसं माझंही लिहून टाक, असं ती पर्समध्ये बघत म्हणाली. कृष्णातनं मान हलवली. तुम्ही सांगा, मी टाइप करतो, म्हणाला. तिनं ओल्या फरशीची एक गोष्ट सुरू केली. त्याची बोटं कीबोर्डवर पडून राहिली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पडदा कोराच.

“लाइट गेली काय?”

“लाइट हाय. खोट्याला बोटं उठंनात.”

बाकावरची एक फिसकन हसली. “आमच्या येळंला बरी उठली की, कृष्णातदादा.”

“तुमचं खोटं मला कुठं लागलंतं, बाई?”

सिस्टरच्या लक्षात आलं. बाहेर चल, बोलू, असं ती हळूच म्हणाली. तो उठला नाही. दुसऱ्या कॅफेत जाते म्हणाली. जावा, म्हणाला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. ती खुर्चीतून उठली आणि परत बसली.

“काय पायजे तुला? माफी मागू?”

“माफी नगं. कठड्याचं सांगा.”

तिनंही घड्याळाकडं बघितलं. मग ती पुटपुटली, की कठडा मी खाली केला होता, वर करायचा राहिला. त्यानं टाइप केलं. आळ दुसऱ्यावर घातला, हे तिनं आणखी हळू सांगितलं.

“दुसऱ्याला नाव असंल की, सिस्टर.”

तिनं नाव सांगितलं. त्यानं आपलं नाव आपल्याच बोटांनी उमटवलं आणि सगळा मजकूर बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचला. बाकावरच्या दोघी एकमेकींकडं बघू लागल्या. त्यानं पाठवायचं बटण दाबलं.

“झालं समाधान?” सर्टिफिकेट घेताना ती म्हणाली. “आता गावभर करू नगंस.”

या क्षणी छातीवरचं ओझं उतरेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. उतरलं नाही. उलट भूक वाढली.

दुसऱ्या दिवशी तो पोस्टात गेला. पाकीट घेतलं नाही, मुद्दाम उघडं कार्ड घेतलं. दवाखान्याच्या गेटवरचा वॉचमन, ऑफिसातला कारकून, वॉर्डातली आया, वाटेत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं:

‘राजमती सिस्टर यांस, आपलं पत्र पोचलं. नोकरीला बोलावलंत, आभार. येणार नाही. कठडा आपणच खाली केला होता, हे आता आपणच लिहून दिलं आहे. तेव्हा पंचगंगेला काही मिळालेलं नाही. सगळं दवाखान्यातच आहे. – कृष्णात कांबळे.’

कार्ड पेटीत टाकलं. ते परत काढता येत नाही ना, हे फटीत बोटं घालून बघितलं, आणि मगच तो कॅफेची वाट चालू लागला.