हळदीकुंकू लावलेलं यंत्र

जामखेडच्या त्या हॉलमध्ये आम्हा सगळ्या शिक्षकांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधल्या आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आम्हाला खोलीभर फिरवलं. का, तर न दिसणाऱ्या मुलांची अडचण आम्हाला कळावी म्हणून. लोक खिदळत होते, कुणी मुद्दाम कुणाच्या पायावर पाय देत होतं, फोटो निघत होते. मी पट्टी वर सरकवली आणि खिडकीतून मला व्हरांड्यात बसलेली ज्ञानेश्वरी दिसली. माझ्या सहावीच्या वर्गातली, जन्मापासून दृष्टी नसलेली. तिला मीच बोलावलं होतं. तिचे वडील सहादेवभाऊ शेतातलं काम टाकून तिला घेऊन आले होते. अंध मुलांना शिकवायच्या साधनांचं प्रशिक्षण आहे, तर असं एखादं मूल समोर असावं, एवढी साधी अक्कल मी चालवली. पण प्रशिक्षक रविराज सर म्हणाले, मुलांना आणायची तरतूद नाही. खऱ्या मुलीला बाहेर बसवून आत आम्ही आंधळी कोशिंबीर खेळत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग त्यांनी यंत्र दाखवलं. म्हणजे खोकं वर धरलं. आत वहीएवढं यंत्र आहे, अक्षरं ठिपक्यांच्या रूपात बोटांखाली उमटतात, कळा दाबून लिहिताही येतं, वगैरे. चालू करून दाखवा म्हटलं तर म्हणाले, सील तोडलं तर पुढच्या तुकडीला काय दाखवू? पोहायला शिकवायचं आणि विहीर काठावरूनच दाखवायची, त्यातली ही गत. जाताना प्रत्येक शाळेला एक खोकं मिळालं आणि आम्ही प्रशिक्षित झालो.

येताना एसटीत सहादेवभाऊ म्हणाले, "बाई, ती शाळंत नुसती बसून ऐकती. ऐकायला घरी रेडिओ हाय की. दिवाळीपातुर बघतो, न्हाई तर दाखला द्या."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं काय चुकलं होतं? ज्ञानेश्वरीला ठिपक्यांची लिपी येत होती. तालुक्याहून अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं पुठ्ठ्यावर शिकवली होती. पण त्या लिपीतलं एकही पुस्तक आमच्या शाळेत नव्हतं. तिला अक्षरं येत होती आणि वाचायला काही नव्हतं.

आमचे मुख्याध्यापक कुलकर्णी सर माणूस भला, पण निवृत्तीला टेकलेला. सरकारी वस्तू मोडली तर पेन्शनमधून वसूल होते, ही एक भीती त्यांनी नोकरीभर जपली. त्यांनी खोकं कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मी मागायची, ते म्हणायचे, वरून आदेश येऊ द्या. आदेश यायचा नव्हताच, कारण वरच्यांच्या मते सगळं झालेलं होतं. फोटोसुद्धा.

दसऱ्याच्या आधी शाळेत पाटीपूजन असतं. मुलांनी एकाचे आकडे जोडून पाट्यांवर सरस्वती काढली, झेंडूची फुलं वाहिली. टेबलावर पेटी, पृथ्वीचा गोल, कॉम्प्युटर मांडला. आणि कुलकर्णी सरांनी कपाटातून ते खोकं आणलं, प्लॅस्टिकवरूनच त्याला हळदीकुंकू लावलं, नमस्कार केला आणि परत कपाटाकडे निघाले. पूजेलाही त्यांनी ते उघडलं नाही.

ज्ञानेश्वरी माझ्याशेजारी रिकाम्या हातांनी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, माझी पाटी कुठं हाय?"

मी पुढे झाले, सरांच्या हातातून खोकं घेतलं आणि सगळ्यांसमोर प्लॅस्टिक टराटरा फाडलं. सर पांढरे पडले. मी म्हटलं, "वापरून मोडलं तर मी लिहून देते, माझ्या पगारातून घ्या. न वापरता कपाटात कुजलं तर तुम्ही लिहून देणार का?" आणि यंत्र पोरीच्या हातात दिलं. पूजेची वस्तू त्या दिवशी वापरत नाहीत, एवढंच सर पुटपुटले. तेवढं मी मानलं.

पुढे मात्र रोज शाळा सुटल्यावर आम्ही सतरंजीवर बसायचो. आमचं खरं प्रशिक्षण ते. माहितीपुस्तक मला वाचता येत होतं, ठिपके तिला. आधी ते यंत्र इंग्रजीच उमटवत बसलं. मग मराठी आलं, पण जोडाक्षरं तुटायला लागली. मी वैतागायचे, ती हसायची, परत लावायची. कुलकर्णी सर आधी दारातून बघायचे, मग खुर्ची घेऊन बसले, मग सतरंजीवर आले. हळूहळू मोबाईलवर टाईप केलेला धडा मी यंत्रावर पाठवायला शिकले. ज्या दिवशी तिनं तो पहिल्यांदा स्वतः वाचला, त्या दिवशी मी रडले. का लपवू?

दिवाळीच्या तोंडावर रविराज सर भेटीला आले. सील तुटलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला. कुणाच्या परवानगीनं? मी तोंड उघडायच्या आत कुलकर्णी सर म्हणाले, "माझ्या." रविराज सर म्हणाले, असं चालणार नाही, पण यंत्र चांगलं चालतंय, तेव्हा पुढच्या प्रशिक्षणात दाखवायला ते जामखेडला घेऊन जातो. मी म्हटलं, मग शिक्षकांना इथे पाठवा, हिच्याशेजारी बसून शिकतील. ते म्हणाले, तशी तरतूद नाही.

हे चालू असताना सहादेवभाऊ दारात उभे होते. ठरल्याप्रमाणे दाखला न्यायला आले होते. आत सतरंजीवर ज्ञानेश्वरी यंत्रावर इतिहासाचा धडा वाचत होती. तिला कुणी वाच म्हटलं नव्हतं, वडील बघताहेत हे ठाऊकही नव्हतं. एका शब्दाला अडली, बोट मागं नेलं, परत वाचला आणि पुढं गेली. भाऊ तिच्या बोटाकडे बघत राहिले. रविराज सरांनी यंत्र घ्यायला हात पुढे केला तसे ते आत आले आणि पोरीशेजारी मांडी घालून बसले. रविराज सरांनी हात मागे घेतला आणि वरिष्ठांशी बोलतो म्हणत ते गाडीकडे गेले.

कुलकर्णी सरांनी दबकत विचारलं, "भाऊ, दाखला?"

"ऱ्हाऊ द्या," भाऊ म्हणाले. "पर ह्यो मानूस परत आला तर मला फोन करा. पेरनी चालू आसली तरी यीन."