'कीप'चे आजोळ

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे, मित्रांनो. जात क्रियापद, नाव 'कीप'. वय हजाराच्या घरात, पण सुट्टी म्हणून माहीत नाही. अंडी फ्रीजमध्ये ठेवली, तिथे मी. दुकान चालवले, कोंबड्या पाळल्या, वचन पाळले, गुपित पोटात ठेवले, तिथेही मीच. मूल रडतच राहिले, तर त्या 'राहिले'पाशीसुद्धा मलाच उभे करतात. आणि काम झाले की गरज सरो, वैद्य मरो! तू कुठला, कुणाचा, असे कुणी विचारत नाही.

विचारले ते एका कोशकारांनी. मराठी वाचकांसाठी ते इंग्रजी शब्दांचा कोश करत होते. त्यांची रीतच न्यारी. एका कार्डावर एक अर्थ लिहायचा आणि जेवणघरात बांधलेल्या दोरीला तो चिमट्याने टांगायचा. माझी पाळी आली तेव्हा दोरी पुरेना. पाहुणे मान वाकवूनच आत येत. शेवटी त्यांची बायको वैतागून म्हणाली, "अहो, ओले कपडे वाळत घालायला तरी एखादा चिमटा सोडा!"

अर्थ मात्र एकेक सापडत गेले. सर्वांत जुन्या अर्थांत 'पकडणे' होते, तसे 'लक्ष देणे' आणि 'वाट पाहणे'ही होते. ते वाचून मलाच नवल वाटले. मग मी आलो तरी कुठून? इतर शब्दांचे चुलते, मावश्या शेजारच्या भाषांत भेटत. माझा खात्रीचा नातलग एकही मिळेना.

तशात संपादकांचा फोन आला. "साहेब, पान छपाईला जायचंय. 'मूळ अज्ञात' बरं दिसत नाही हो. लोक म्हणतील, यांनाच ठाऊक नाही. मिळताजुळता एखादा शब्द जोडून टाका, कोण बघतंय?"

कोशकार थकले होते. एका परक्या भाषेतला, माझ्यासारखा दिसणारा शब्द त्यांनी माझा बाप म्हणून लिहून टाकला. आणि खरे सांगतो, मी सुखावलो. खोटे का होईना, मला घराणे मिळाले होते.

छपाईआधीची मुद्रिते कोशकारांची लेक तपासत असे. ती तान्ही असताना या नवराबायकोंनी तिला अनाथाश्रमातून घरी आणले होते, आणि ते तिच्यापासून कधी लपवले नव्हते. ती ओळ वाचून तिने चष्मा काढला.

"बाबा, हे नक्की आहे?"

"नक्की असं नाही गं. पण जवळपास जातं."

"लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं, मला जन्म कुणी दिला. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"माहीत नाही, असं म्हणालो."

"त्या दिवशी मी खूप रडले. पण त्यानंतर तुमच्या कुठल्याच बोलण्यावर मला कधी शंका आली नाही."

त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिले, 'मूळ अज्ञात.' मग संपादकांना फोन लावला. "छापायचं तर असंच छापा, नाहीतर कोशावरचं माझं नाव काढा." संपादक कुरकुरले, पण त्यांनी तसेच छापले.

मित्रांनो, माणूस असो की शब्द, कुणाचे मूळ ठाऊक नसेल तर त्याला उसने घराणे चिकटवू नका. सरळ 'माहीत नाही' म्हणा आणि त्याला नीट सांभाळा. मला बाप मिळाला नाही. पण माझ्याबद्दल खरे बोलणारे एक घर मिळाले, आणि तेवढ्यावर आणखी हजार वर्षे राबायची माझी तयारी आहे.