उघडं डोकं

"कोण गेलं गं?" ताट सारत अर्जुनाबाबांनी पुन्हा तेच विचारलं.

"आवं, कुणी न्हाई गेलं. खावा बघू दोन घास," लीलाबाई म्हणाली.

"मग माझं डोकं उघडं का? मयताच्या घरात चूल पेटत न्हाई. मला कशाला वाढतीस?"

लीलाबाईचा हात थांबला. सांगलीतल्या त्या मनोरुग्णालयात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मावशी म्हणून तिची हयात गेली होती. म्हाताऱ्यांचं बरळणं या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं. पण हे बरळणं नव्हतं. आटपाडीकडचा हा मेंढपाळ जन्मभर लाल पटका बांधून हिंडलेला. लांब कापडानं कुणी गळफास घेऊ नये म्हणून भरती करतानाच तो काढून घेतला होता. नियम काही चुकीचा नव्हता. पण घरात मयत झालं की पुरुषमाणूस उघड्या डोक्यानं बसतो, हे लीलाबाईला का ठाऊक नव्हतं? आई गेली तेव्हा तिचा बाप असाच बसला होता, आणि पाहुण्यांनी त्याच्या डोक्यावर टोपी घातल्यावरच त्याचा दुखवटा उतरला होता. तरी बाबांच्या पटक्याची घडी करून पिशवीत कोंबताना तिला काहीच वाटलं नव्हतं.

तिनं राजनंदिनी सिस्टरना विचारलं, "बाबास्नी टोपी चालंल का? टोपीनं काय फास बसत न्हाई."

"चालेल की मावशी! बरं सुचलं तुम्हाला. आणा तुम्हीच."

इतकं सोपं होतं ते. पण जोडीची मावशी रजेवर, सगळा वॉर्ड एकटीच्या गळ्यात. एकाचं अंथरूण ओलं, दुसरा उठून दाराकडं चाललेला. ड्युटी सुटेपर्यंत पायांचे तुकडे पडायचे. बाजार वाटेवरच होता, पण आज नको, उद्या नक्की, असं म्हणत ती घर गाठायची.

बाबा जेवेनात म्हणून सलाईन लावलं. ते सुई उपसायला लागले, तेव्हा लीलाबाईनंच जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून त्यांचे हात खाटेला बांधले. बांधायला कापड मिळालं. डोक्यावर टाकायला तिच्या कमरेला खोचलेला रुमालसुद्धा चालला असता, पण तो तिला सुचलाच नाही.

"सांग की पोरी, कोण गेलं?" बाबा विचारत राहिले. मग त्यांनी विचारणंही सोडलं.

अखेर एका सकाळी तिनं टोपी घेतली आणि लगबगीनं वॉर्डात आली. बाबांची गादी बाहेर उन्हात टाकलेली होती.

व्हरांड्यात त्यांची बायको दगडाबाई बसली होती. पोरगा गाडी बघायला गेलेला. मांडीवर लाल पटका, घडी केली होती तशीच. लीलाबाईला बघून म्हातारीनं डोळे पुसले.

"बाय, तू हुतीस न्हवं त्यांच्याजवळ? आता चादरीत गुंडाळल्यात, काय दिसंना. पटका तर हितं पिशवीतच. जाताना डुईला काय हुतं गं?"

लीलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टोपी हुती, आजी," ती म्हणाली. "पांढरी. मीच घातली."

"लय बरं केलंस, बाई." म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. "उघड्या डोक्यानं न्हाई गेलं म्हंजे."

लीलाबाईनं दुसऱ्या हातातली पिशवी हळूच पदराआड ओढली. आत टोपी होती, दुकानाच्या कागदात, घडीसुद्धा न मोडलेली.