तिसऱ्या दिवसाचं गाणं

आमचा दुसरा अल्बम आला तेव्हा पुण्याच्या एका मासिकात छापून आलं, की लातूरचा 'रिपीटर' हा बँड आता प्रगल्भ झाला आहे. गोंगाट गेला, संयम आला, वगैरे. वाचून मला हसू आवरेना. कसला संयम! त्या अल्बमची गाणी लिहिणारी, बास गिटार वाजवणारी आणि कुठे काय वाजेल ते ठरवणारी मी, पुनम. मी सूड उगवत होते.

सूड आमच्याच गायकावर होता, वैजनाथवर. आम्ही तिघं लातूरला मेडिकलच्या क्लासला दुसऱ्यांदा बसलेलो, म्हणजे रिपीटर. बँडचं नाव तिथूनच पडलं. वैजनाथ गिटार वाजवून गायचा, यासेर सिंथेसायझर आणि ड्रम मशीन सांभाळायचा. परदेशी न्यू वेव्ह बँडच्या कॅसेटी ऐकून ऐकून आम्हीही तसलं कोरडं, झटक्याचं रॉक मराठीत करू लागलो. पहिल्या अल्बमात नऊ गाणी, सगळी बोंबलून म्हटलेली. त्यातलं एक चाललं, 'तिसरा दिवस'. ते माझं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीला माझा चार वर्षांचा भाऊ ग्यानोबा ढिगाऱ्याखाली गेला आणि तिसऱ्या दिवशी मेलेला सापडला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. गाण्यात त्याचं नाव घातलं नव्हतं, नुसतं 'माझा भाऊ' म्हटलं होतं.

पुण्यात एका कॉलेजात हे गाणं सुरू करण्याआधी वैजनाथनं माइक ओढला आणि म्हणाला, "हा माझा धाकटा भाऊ." पोरी रडल्या. मग मुलाखतींतही तेच. भूकंपात शिरूर अनंतपाळला याच्या घरी मांडणीवरची चार भांडी पडली होती. आणि धाकटा भाऊ तर याला कधी नव्हताच.

मी जाब विचारला तर म्हणाला, "चिडून काय राहिलीस? गाणारा मी हाय ना? लोकांना समोर एक तोंड लागतंय."

तिथंच थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही. क्लास सुटला, मेडिकल हुकलं, माझ्याकडे या बँडशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. पण ती गोष्ट मी मनात धरून ठेवली.

दुसरा अल्बम आम्ही नांदेडला केला, यासेरच्या चाचांच्या, चांदपाशांच्या स्टुडिओत. तिथं एरवी निवडणुकीची गाणी आणि जीपवरून ओरडायच्या जाहिराती व्हायच्या. वैजनाथ लपतो कशामागं, हे मला पक्कं ठाऊक होतं. गिटारमागं, वेगामागं आणि ओरडण्यामागं. मी एकेक काढून घेतलं. गिटार पाच गाण्यांतून हाकलली. ड्रम मशीन इतकं संथ लावलं की दोन ठोक्यांच्या मध्ये त्याचा श्वास ऐकू यावा. सूर इतके खाली आणले की ओरडायची सोयच राहू नये. यासेर जिथं जिथं सिंथेसायझर भरायला जायचा तिथं मी त्याचा हात धरायचे.

चांदपाशांना ते बघवेना. "बेटी, आवाजावर जरा एको तरी टाकतो की. गळा लई उघडा पडून राहिला लेकराचा."

"पडू द्या, चाचा," मी म्हटलं.

शेवटचं गाणं म्हणून 'तिसरा दिवस' पुन्हा घेतलं. फक्त माझी बास आणि त्याचा आवाज. तो घामाघूम झाला, तीनदा अडकला, चौथ्यांदा 'माझा भाऊ' म्हणताना त्याचा आवाज फाटला, आणि मी तोच टेक ठेवला. त्याची फजिती व्हावी म्हणून ठेवला. ऐकायला बसलो तर तो टेक सुंदर होता, आणि माझा जळफळाट झाला.

मग मी शेवटचा डाव टाकला. तीस सप्टेंबरला, भूकंप झाला त्याच तारखेला, अल्बमचा पहिला कार्यक्रम किल्लारीत ठेवला, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या शाळेच्या मैदानावर, दुपारी चार वाजता. आईला, सिंधूबाईला, पहिल्या रांगेत बसवलं. तिनं आमचं गाणं कधी ऐकलं नव्हतं आणि वैजनाथनं तिला कधी पाहिलं नव्हतं. इथं हा बोलला की आई उठेल, म्हणेल हे लेकरू माझं, आणि सगळ्या गावासमोर याची अब्रू जाईल. मला एवढंच हवं होतं.

पण समोरची माणसं बघून तो घाबरला. काही न बोलता गाणं सुरू करा, अशी त्यानं खूण केली. मी तारांवरचा हात काढला आणि माइकमध्ये म्हटलं, "आधी सांग की, गाणं कोणाचं हाय."

खरं बोलायला त्याला तेवढी वाट होती. त्यानं ओठ चाटले. "माझ्या धाकट्या भावाचं. तिसऱ्या दिवशी सापडला."

आई उठली. मला वाटलं, आता गेली याची अब्रू. ती सावकाश मंचावर चढली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

"कोणत्या गावचा रं तू?"

"शिरूर अनंतपाळ."

"मग मामाकडं आलं आसंल लेकरू, गणपतीला," आईच म्हणाली. "लई पोरं आलती तवा."

आईनं त्याचं खरंच धरलं होतं. त्या गावात तिसऱ्या दिवशी सापडलेलं पोर एकटं आमचं नव्हतं. असं काही कुणी खोटं सांगेल, हे तिथं कुणाच्या मनातही येत नाही.

"नाव काय त्याचं?" आईनं विचारलं.

वैजनाथनं माझ्याकडे पाहिलं. त्याला नाव माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या पोरावर टाळ्या घेतल्या आणि नाव कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "मलाबी घेऊ वाटत न्हाई. माझ्याचं ग्यानोबा."

तेरा वर्षांत आईनं ते नाव माझ्यासमोर एकदाही उच्चारलं नव्हतं. उच्चारलं ते याच्याजवळ. तिनं त्याला कवेत घेतलं, ती रडली, आणि मैदानातल्या बायकाही रडायला लागल्या. मला तिच्या मिठीतून त्याला ओढून काढावंसं वाटत होतं. ती जागा माझी होती.

त्यानं तिच्या खांद्यावरून माझा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं, ही माझी आई. तो आईपासून मागं सरला आणि म्हणाला, "काकू, मी खोटं..."

मी बासचा पहिला सूर जोरात वाजवला. पुन्हा वाजवला. पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. कबुली देऊन हा मोकळा होणार, आणि आईचं मात्र पुन्हा काहीतरी हिसकावलं जाणार? ते मी होऊ देणार नव्हते. आता हे खोटं त्यानं मरेपर्यंत वागवायचं.

"गा," मी म्हटलं.

आई खाली जाऊन बसली. त्यानं डोळे पुसले आणि तो गायला.