धाकट्याच्या नावावरचा अल्सर

मास्तरांच्या पोटातली आग घरात धाकट्याच्या नावाने ओळखली जायची. दोघे भाऊ शिंपी, एकाच दुकानात पाठीला पाठ लावून मशीन चालवायचे आणि कापड कोणी बेतायचं यावरून रोज त्यांची खडाजंगी व्हायची. मास्तरांना पहिल्यांदा अल्सर झाला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, "चिडचिड बंद करा, नाहीतर पोट फाटेल." झालं! मास्तरांनी भर गिऱ्हाइकांसमोर धाकट्याला सुनावलं, "तू माझा जीव घेणार आहेस. ऊठ इथून."

धाकटा उठला, तो पुन्हा फिरकला नाही.

पुढे मास्तरांचे केस पिकले, पण पोट काही सुधारलं नाही. आम्ल कमी करायची गोळी घेतली की बरं वाटायचं, सोडली की पुन्हा जाळ. दर कळेला ते धाकट्याचा उद्धार करायचे.

यंदा उलटीत रक्त पडलं. दवाखान्यात भरती करावं लागलं, तोंडातून नळी घालून तपासणी झाली. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू आहे. जठरात ठाण मांडून बसलाय. या दोन अँटिबायोटिक्स आणि ही आम्लाची गोळी, चौदा दिवस. एकही चुकवू नका. जंतू मेला की व्रण भरून येईल."

"आणि चिडचिड?"

"नुसत्या चिडचिडीने असा व्रण पडत नाही, काका. हा जंतू बहुतेक लहानपणीच आला असेल, घरातल्या घरात पसरतो. भावंडं आहेत का?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "एक दीर आहेत माझे."

बाहेर आल्यावर मास्तर दवाखान्याच्या पायरीवरच बसले. "अगं, जंतू होता," ते पुटपुटले. "आणि मी भाऊ हाकलला."

ते घरी गेलेच नाहीत. गोळ्यांच्या पिशवीसकट रिक्षा धाकट्याच्या दारात उभी केली.

धाकट्याने दार उघडलं आणि तो चरकला. "दादा? पोट कसं आहे?" आवाज इतका हळू, की मास्तरांनी कान पुढे केला. हाच का तो भांडखोर?

"असंच बोलतात हे," धाकट्याची बायको आतून म्हणाली. "माझ्या आवाजाने माणूस मरतो, म्हणतात. लग्न झाल्यापासून एकदाही चढ्या आवाजात बोलले नाहीत."

डॉक्टरीणबाईंचं बोलणं मास्तरांनी अडखळत, जसंच्या तसं सांगितलं. धाकटा ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"जंतू?" तो एवढ्या जोरात ओरडला, की शेजारचं दार उघडलं. "जंतू होता? आणि मी इतकी वर्षं तोंड शिवून बसलो? माझंही पोट जळतं, दादा! मला वाटायचं, पापाची फळं भोगतोय!"

बायको हातातलं ताट धरून दारात थिजली. मास्तर मान खाली घालून सगळं ऐकून घेत राहिले.

बराच वेळ बोलून धाकटा धापा टाकत खाली बसला. पाणी प्यायला.

"उद्या तुझी तपासणी करून घेऊ," मास्तर म्हणाले.

"तू नको येऊस," धाकटा म्हणाला. मग विचारलं, "किती वाजता?"